पहिल्या पगारासमोर शेवटचा पगार

पत्राचा सारांश: कोपरखैरण्यात आईवडिलांसोबत राहणाऱ्या २५ वर्षांच्या तरुणीचे हे पत्र आहे. बी.एस्सी. आयटी झाल्यावर जुलै २०२२मध्ये त्या ऐरोलीतील एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून २ लाख ८० हजारांच्या पॅकेजवर लागल्या. आज पॅकेज ४ लाख २० हजार असून दरमहा २९,७०० रुपये हातात येतात. वडील ५७ वर्षांचे आहेत. ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका रासायनिक कारखान्यात ते १९९५पासून कायम नोकरीत असून आता सुपरवायझर आहेत. त्यांना ८२,००० रुपये हातात मिळतात आणि पुढच्या वर्षी ते निवृत्त होतील. ‘२००१ साली सात हजारांत घर चालवले आणि पुढे दोन वर्षांत हे घरही घेतले,’ असे ते नेहमी सांगतात. ४१ वर्षांच्या चुलतभावाने घोडबंदर रस्त्यावर फ्लॅट घेतला. त्याच्या वास्तुशांतीला त्याच्या २९ लाखांच्या पॅकेजची चर्चा झाली आणि काकूंनी सर्वांदेखत ‘तुला गं किती मिळतात?’ असे विचारले. तेव्हापासून या वाचक अस्वस्थ आहेत. त्यांच्यासमोर तीन वाटा आहेत: आहे तिथेच राहणे; महापे येथील ६ लाख ३० हजारांची, पण थर्ड पार्टी पेरोलवरची (म्हणजे काम एका कंपनीत, पगार दुसऱ्या कंपनीकडून) एक वर्षाच्या कंत्राटाची नोकरी घेणे; किंवा १५ लाखांचे कर्ज काढून दोन वर्षांचे पूर्णवेळ एमबीए करणे. त्या विचारतात, ‘या वेगाने त्यांच्याइतके कमवायला माझा जन्म जाईल का?’

उत्तर:

काकूंनी विचारलेला प्रश्न आपल्याकडे प्रत्येक समारंभात कोणाला ना कोणाला विचारला जातो, आणि तो बहुधा ज्याचा पगार सर्वांत कमी असेल त्यालाच विचारला जातो. त्याचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे. मात्र तुम्ही त्या प्रश्नावरून जो हिशेब मांडला आहे तो दोन ठिकाणी चुकलेला आहे आणि एका ठिकाणी, तुम्हाला वाटते त्याहूनही अधिक, बरोबर आहे. तो एकदा नीट तपासू आणि मग महाप्याच्या नोकरीकडे वळू.

प्रथम आकडे एका मापात आणावे लागतील. स्वतःचा तुम्ही हातात येणारा पगार सांगता आणि भावाचे मात्र पॅकेज. तुमचे ४ लाख २० हजार म्हणजे महिना ३५,००० रुपये. मूळ पगार त्याच्या निम्मा, म्हणजे १७,५०० धरला, तर कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी २,१०० रुपये आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ८४० रुपये हे तुमच्यापर्यंत येण्याआधीच पॅकेजमध्ये मोजलेले असतात. त्यानंतर तुमच्या वाट्याचे २,१०० आणि व्यवसाय कराचे २०० रुपये कापले जातात आणि २९,७००च्या आसपास उरतात. तुमची स्लिप मी पाहिलेली नाही, परंतु तुम्ही दिलेला आकडा या मांडणीशी इतका जुळतो की ती अशीच असावी. भावाच्या २९ लाखांचेही असेच होते. त्यातला काही भाग व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीनुसार कमी-जास्त मिळणारा असतो, काही निधी आणि ग्रॅच्युइटीत जातो, आणि तुम्हाला आज जो आयकर शून्य लागतो तो त्याला नव्या करप्रणालीतही वर्षाला तीन लाखांच्या घरात भरावा लागत असणार. विभागणी सर्वसाधारण असेल तर त्याच्या हातात महिन्याला १ लाख ६० ते ६५ हजार येत असतील, आणि त्यातून घोडबंदरच्या फ्लॅटचा हप्ता जातो. रक्कम अर्थातच मोठी आहे. पण वास्तुशांतीला हातातला पगार कोणी सांगत नाही आणि पाहुण्यांना पॅकेजच ऐकू येते, एवढे लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तुम्ही तुमच्या चौथ्या वर्षाच्या पगारासमोर बाबांचा तिसाव्या वर्षाचा आणि भावाचा एकोणिसाव्या वर्षाचा पगार ठेवला आहे. तुलना करायचीच असेल तर त्यांच्या सुरुवातीच्या पगाराशी करावी, आणि तीही आजच्या रुपयांत. त्यासाठी लागणारे साधन तुमच्या घरातच ओळखीचे आहे. कारखान्यांतील करारांमध्ये महागाई भत्ता बहुधा ज्या निर्देशांकाला बांधलेला असतो, तो केंद्राच्या लेबर ब्युरोचा औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक बाबांना नक्की माहीत असेल. २००१ साल १०० धरलेल्या जुन्या मालिकेवरून २०१६ साल १०० धरलेल्या नव्या मालिकेवर येताना २.८८ने गुणावे लागते, आणि २०२५च्या उत्तरार्धात नवा निर्देशांक १४७च्या आसपास होता. दोन्हींचा गुणाकार केला तर २००१पासून किमती सव्वाचारपटींच्या जवळ गेल्या आहेत असे दिसते. म्हणजे बाबांचे तेव्हाचे ७,००० हे आजचे साधारण २९,६०० रुपये होतात.

तुमचा आजचा पगार २९,७०० आहे. २००१ साली बाबा ३३ वर्षांचे होते, कायम नोकरीला सहा वर्षे झाली होती, आणि त्यात ओव्हरटाइम व रात्रपाळीचा भत्ताही असावा. जिथे ते तेहतिसाव्या वर्षी होते तिथे तुम्ही पंचविसाव्या वर्षी, त्याही दिवसपाळीत, पोहोचला आहात. हे त्यांना कमी लेखण्यासाठी सांगत नाही. उलट, २९,६००वरून ८२,०००वर जाणे म्हणजे महागाई वजा जाता चोवीस वर्षे दर वर्षी सरासरी सव्वाचार टक्क्यांहून थोडी अधिक खरी वाढ, आणि ती सहजासहजी मिळत नाही. शिवाय ती सरळ रेषेत आलेली नसणार. तीन-चार वर्षे पगार जवळपास जागच्या जागी, मग युनियनचा करार, मग फरकाची रक्कम एकदम हातात, असाच त्या पट्ट्यातील कारखान्यांचा शिरस्ता होता. बाबांकडे जुन्या स्लिपा असतील तर त्यांच्याजवळ बसून त्या पाहाव्यात असे मी सुचवेन. ‘सात हजारांत घर चालवले’ या वाक्यामागे मधल्या कोरड्या वर्षांचा जो तपशील आहे, तो त्यांनी तुम्हाला बहुधा सांगितलेला नाही.

आता बाबांच्या वाक्याचा दुसरा भाग. सात हजारांवर त्यांनी घर घेतले हे खरे आहे, पण तुम्हाला तसे करता येत नाही यात तुमची कसूर नाही. वर वापरलेल्या निर्देशांकात घराचे भाडे धरले जाते, घर विकत घेण्याची किंमत धरली जात नाही; आणि कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीतल्या घरांच्या किमती या चोवीस वर्षांत चारपटींवर थांबलेल्या नाहीत, हे कोणत्याही दलालाच्या काचेवर चिकटवलेल्या कागदावर वाचता येते. २००१मध्ये ठाणे ते वाशी लोकल धावत नव्हती. ती २००४मध्ये सुरू झाली. वडिलांनी घर घेतले तेव्हा हा भाग अजून घडत होता आणि तुम्ही मात्र तो घडून झाल्यावरची किंमत विचारत आहात. त्यामुळे घराच्या बाबतीत बाप-लेकींची तुलना मी तरी करणार नाही, आणि बाबांनीही करू नये असे त्यांना सांगायला हरकत नाही.

भावाशी तुलना केली तर मात्र उलटे चित्र दिसते. २००६ साली तो अडीच लाखांवर लागला होता असे तुम्ही ओघात लिहिले आहे. तेव्हापासून किमती तिपटीहून अधिक झाल्या, म्हणजे त्याची सुरुवात आजच्या हिशेबाने आठ लाखांच्या पुढे जाते. तुमची २ लाख ८० हजारांवर झाली. तो इंजिनिअर आणि तुम्ही बी.एस्सी., हा फरक आहेच. पण आज इंजिनिअर होऊन मोठ्या आयटी कंपनीत लागणाऱ्या अनेक मुलामुलींनाही तीन-साडेतीन लाखच मिळतात, आणि हा आकडा दीड दशकाहून अधिक काळ फारसा हललेला नाही. महाविद्यालयांतून बाहेर पडणारी संख्या वाढत गेली, सुरुवातीचे काम करायला माणसे कमी पडली नाहीत, आणि नवख्यांचा पगार गोठला. वरच्या पदांवर अनुभवी माणसे टिकवायची असल्यामुळे तिथले पगार वाढत राहिले. म्हणून आज एकाच इमारतीत पंचविशीतला आणि चाळिशीतला कर्मचारी यांच्यात जी दरी दिसते, ती केवळ वयाची नाही. काही भाग कोण कोणत्या साली दारातून आत आला याचाही आहे. आजच्या पंचवीस वर्षांच्यांचा आणि आजच्या चाळीस वर्षांच्यांचा पगार शेजारी मांडून ‘पंधरा वर्षांनी मला एवढा मिळेल’ असे म्हणता येत नाही, आणि ‘मिळणार नाही’ असेही म्हणता येत नाही, कारण ती एकाच माणसाची दोन वये नव्हेत. तुमच्या तक्रारीतला हा भाग रास्त आहे. तुम्ही कमी पडलात म्हणून नव्हे, तर सुरुवातीची पायरीच खाली गेली म्हणून तुम्ही मागे दिसता.

आणखी एक मुद्दा, जो समारंभात कधीच निघत नाही. बाबा ज्या वर्षी कायम झाले त्या सुमारास ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि वागळे इस्टेटमध्ये लागलेले सगळेच आज ८२,००० घेत नाहीत. कितीतरी कारखाने बंद पडले, कामगारांना व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घ्यावी लागली, कोणी रिक्षा घेतली, कोणी सुरक्षारक्षक झाले, आणि त्या कारखान्यांच्या जागांवर टॉवर, मॉल आणि तुमच्यासारख्यांची कार्यालये उभी राहिली. आयटीतही चाळिशीत बेंचवर, म्हणजे प्रकल्पाविना बसून राजीनामा द्यावा लागलेली माणसे आहेत. ती आपला पगार सांगत फिरत नाहीत. टिकून राहिलेल्यांकडे पाहून आपण ‘पुढे एवढे मिळतात’ असे ठरवतो, आणि त्यात जे मधेच गळाले ते मोजलेच जात नाहीत.

शिवाय ८२,००० हा बाबांचा शेवटचा टप्पा आहे, आणि त्यानंतर उत्पन्न एकदम खाली येणार आहे. ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधीची रक्कम एकदाच मिळेल. पण दरमहा येणारी ईपीएसची (कर्मचारी पेन्शन योजनेची) पेन्शन, त्यांनी वाढीव पेन्शनचा पर्याय घेतला नसेल तर, १५,०००च्या वेतनमर्यादेमुळे साडेसात हजारांच्या वर जात नाही. तुमच्या पत्रात बाबांची निवृत्ती पहिल्या परिच्छेदात आहे आणि एमबीएचा विचार शेवटच्या परिच्छेदात, आणि दोन्ही एकाच वर्षी येतात हे कुठेच लिहिलेले नाही. घरातला मोठा पगार थांबेल त्याच वर्षी तुम्ही लहान पगारही थांबवणार आहात. १५ लाखांचे कर्ज साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर हप्ता सुमारे २०,२०० रुपये पडतो, आणि शिक्षणाच्या काळात साचणारे व्याज वेगळे. दोन वर्षांचा बुडालेला पगार सात लाखांहून अधिक आहे. म्हणजे या पदवीची खरी किंमत २२ लाखांच्या पुढे जाते. ती वसूल होईल अशी महाविद्यालये आहेत, परंतु तिथला प्रवेश कठीण असतो. तुम्ही महाविद्यालयाचे नाव लिहिलेले नाही, फक्त फी लिहिली आहे, यावरून तुम्हाला एमबीएपेक्षा काकूंच्या प्रश्नाला उत्तर हवे आहे अशी शंका मला येते. सध्या हा पर्याय बाजूला ठेवावा. दोन-तीन वर्षांनी, कोणता विषय हवा हे कामातून कळल्यावर, नोकरी सांभाळून करता येण्यासारखे अभ्यासक्रमही असतातच.

आता ‘जन्म जाईल का’ या प्रश्नाकडे येऊ. दरवर्षी आठ टक्के अप्रेझल मिळत गेले तर तुमचे २९,७०० हे ८२,००० व्हायला तेरा वर्षे लागतील. किमती दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढतात असे धरले, आणि बाबांच्या आजच्या ८२,०००च्या तोलाचा पगार म्हटला, तर मात्र छत्तीस वर्षे लागतात. म्हणजे हो, आठ टक्क्यांच्या वेगाने नोकरीचा जन्म खरोखरच जातो. पण हीच वाढ बारा टक्के झाली तर तोच टप्पा सोळा वर्षांत येतो. चार टक्क्यांच्या फरकाने वीस वर्षे वाचतात. म्हणून आज हातात किती येतात यापेक्षा, हे काम तुमचा पुढचा पगार किती वाढवेल हे पाहणे मला जास्त गरजेचे वाटते.

आणि तुमच्याच पत्रातला एक आकडा तुम्ही ओलांडून पुढे गेला आहात. २ लाख ८० हजारांवरून ४ लाख २० हजार म्हणजे तीन-सव्वातीन वर्षांत दीडपट. याच काळात किमती सुमारे तेरा-चौदा टक्क्यांनी वाढल्या. हा वेग बाबांच्या सरासरीपेक्षा चांगला आहे. अर्थात सुरुवातीची प्रशिक्षणाची वर्षे संपल्यावर मिळालेली ही उडी दरवेळी मिळणार नाही, आणि तुम्ही आज करता ते हाताने टेस्टिंगचे काम पुढे फार वाढवून देत नाही, हे तुमच्या टीममधील सात-आठ वर्षे जुन्या सहकाऱ्यांच्या पगारावरून तुम्हाला कळलेच असेल. नसेल कळले तर तेच पहिल्यांदा विचारून घ्या. पंचविशीत पाहायचे ते तिशीतल्या माणसाकडे, एकेचाळिशीतल्या भावाकडे नव्हे.

महाप्याच्या नोकरीबद्दल तुमच्या आईबाबांची भीती अशी दिसते की कायम सोडून कंत्राटी होणे म्हणजे मागे जाणे. स्वतः कायम होण्यासाठी वाट पाहिलेल्या पिढीला तसे वाटणारच. पण इथेही हिशेब करून पाहावा. ६ लाख ३० हजारांत, वरच्याच मांडणीने, हातात सुमारे ४४,७०० येतील, म्हणजे वर्षाला ५ लाख ३६ हजार. एवढी रक्कम आजच्या पगारात मिळवायला तुम्हाला अठरा महिने लागतात. म्हणजे कंत्राट संपल्यावर सहा महिने घरी बसावे लागले तरच, केवळ पैशाच्या दृष्टीने, हा व्यवहार बरोबरीत सुटतो. अमेरिकेतील तरुण पुरुष कामगारांच्या नोंदी तपासून रॉबर्ट टोपेल आणि मायकेल वॉर्ड या अर्थतज्ज्ञांनी १९९२मध्ये दाखवले होते की पहिल्या दहा वर्षांतल्या पगारवाढीचा निदान एक तृतीयांश भाग नोकरी बदलण्यातून येतो. तो देश वेगळा आणि काळही वेगळा, पण आपल्याकडच्या आयटीत काम केलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. उमेदीची पहिली दहा वर्षे हीच पगार चढण्याची वर्षे असतात. चाळिशीनंतर चढण मंदावते. आणि या नोकरीत काम ऑटोमेशनचे, म्हणजे हाताने करायचे टेस्टिंग प्रोग्रॅमकडून करून घेण्याचे आहे, ही मला पगारापेक्षाही मोठी जमेची बाजू वाटते.

तेव्हा माझा कल ही नोकरी घेण्याकडे आहे, पण काही गोष्टी लेखी मिळाल्यावरच. काम ऑटोमेशनचेच असेल हे ऑफर लेटरमध्ये किंवा निदान ईमेलमध्ये यावे, कारण मुलाखतीत एक सांगून प्रत्यक्षात दुसऱ्याच प्रकल्पावर बसवण्याचे प्रकार होतात. पगार देणारी कंपनी कोण, निधीचे पैसे कोणाच्या नावाने भरले जाणार, आरोग्य विम्यात आईबाबांना घेता येते का, कंत्राट वाढवायचे नसेल तर किती आधी कळवणार, हे विचारावे. विम्याचा मुद्दा तुमच्या घरी विशेष महत्त्वाचा आहे: बाबांचा कारखान्यातला विमा निवृत्तीनंतर सुरू राहतो की नाही हे त्यांनी आत्ताच विचारून ठेवावे, आणि राहत नसेल तर त्या दोघांची स्वतंत्र पॉलिसी निवृत्तीपूर्वीच घ्यावी. ग्रॅच्युइटीचेही पाहा, कायम नोकरीत पाच वर्षे पूर्ण झाल्याशिवाय ती मिळत नाही, त्यामुळे आजच्या कंपनीत पॅकेजमध्ये मोजलेली तीन वर्षांची रक्कम तुम्ही सोडून जाणार आहात. ती तीस हजारांच्या आतबाहेर असेल, नव्या नोकरीच्या दोन महिन्यांत भरून निघेल, पण माहीत असलेली बरी.

नवी नोकरी धरलीत तर पहिल्या वर्षी वाढलेल्या पंधरा हजारांपैकी निदान बारा हजार आवर्ती ठेवीत किंवा लिक्विड फंडात टाका आणि नवा हप्ता कशाचाही सुरू करू नका, मोबाइलचाही नाही. वर्षाअखेरीस जवळपास दीड लाख जमतील, म्हणजे आजच्या तुमच्या पगाराएवढ्या खर्चाने पाच महिने निघतील; कंत्राटाची जोखीम घ्यायला हे पुरेसे बळ आहे. जुन्या कंपनीतला भविष्यनिर्वाह निधी मात्र काढू नका. नोकरी बदलताना तो काढून सुट्टीवर जाणारे बरेच असतात. आजच्या ८.२५ टक्के दराने आत्ताचे पन्नास हजार तीस वर्षांत पाच लाखांच्या पुढे जातात, आणि जुने खाते त्याच यूएएनखाली (नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या निधीच्या क्रमांकाखाली) नव्या कंपनीकडे वर्ग करण्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो. रुजू झाल्यावर पहिल्या दोन महिन्यांत, निधीचा पहिला हप्ता पासबुकात दिसला की तो करून टाका. आणि तो हप्ता दिसलाच नाही, तर तिसऱ्या महिन्याची वाट न पाहता एचआरला लेखी विचारा.